दोन गुणांनी हरलो

व्हर्लन टिडवेलने जन्मात कुणावर विश्वास ठेवला नाही. विकतची अंडीसुद्धा तो उजेडाला धरून बघायचा. त्यामुळे अलाबामातल्या त्याच्या गावचं कॉलेज शनिवारी अमेरिकन फुटबॉलमध्ये दोन गुणांनी हरलं, तेव्हा रविवारी चर्च सुटल्यावर खानावळीत त्याचाच आवाज सगळ्यात मोठा होता.

"शेवटी लाथ मारून चेंडू खांबांमधून घातला असता तर तीन गुण खिशात होते! कोचने पोरांना चेंडू घेऊन पळायला का लावलं? विकला गेलाय लेकाचा!"

"चुकला असेल रे बिचारा," खानावळवाली मर्टिस म्हणाली.

"चुकला? मग त्याची बायको परगावी घरं कशाला बघत हिंडतेय? कुठंतरी पाणी मुरतंय!"

घरी येऊन त्याने टोपी काढली आणि साबणाचा वास आला. ती धुतली की संघ हरतो, म्हणून हंगाम संपेपर्यंत त्या टोपीला पाणी लावायचं नाही, हा त्याचा जुना नेम.

"ओलेटा, ही कधी धुतलीस?"

"शुक्रवारी. घाण वास मारत होती," बायको म्हणाली.

व्हर्लनने उठून दार लावून घेतलं. हळूच म्हणाला, "मर्टिसकडे बोलू नकोस हं."

सोमवारी खानावळीत त्याने कोचला दुप्पट शिव्या घातल्या.