हे दार जोरात आपटा

प्रदर्शनात आमचा स्टॉल मांडून झाला की मंदाताई सगळ्यात आधी खुर्च्या मागे टाकायच्या. कुणी कुरकुर केली तर म्हणायच्या, "बसलेल्या मानसाकडं कोन येतो? त्याला वाटतं, झोपमोड होईल."

तुर्भ्याच्या आमच्या छोट्या कारखान्यात दार हळूच लावणारे क्लोजर बनतात. मी हिशेब पाहतो, मंदाताई विक्री पाहायच्या. त्या जवळच्याच जासई गावच्या. मीटिंगमध्ये शुद्ध बोलायला सुरुवात करत. रंगात आल्या की गावची बोली यायची.

त्या वर्षी मालकांनी स्पष्ट सांगितलं होतं, "वाशीच्या प्रदर्शनात आपला माल ठेवणारे नवे विक्रेते मिळाले नाहीत, तर कारखाना गुजरातेत हलवीन." जासई सोडून मंदाताई कुठे जाणार? नेरूळमध्ये माझ्या मुलींच्या शाळा. आम्हा दोघांनाही जाणं शक्य नव्हतं.

पहिल्या दिवशी आम्ही टेबलामागे ओळीने उभे होतो, तिकीट खिडकीत असल्यासारखे. लोक येत, बशीतली चॉकलेटं उचलत आणि पुढे जात. दुपारपर्यंत चॉकलेटं संपली, चौकशी एकही नाही. मंदाताई मला म्हणाल्या, "सावंतभाऊ, धरा टेबल." ते आम्ही मागच्या भिंतीला लावलं आणि तिथलं नमुन्याचं दार चौकटीसकट थेट वाटेवर आणलं. एका पोस्टरच्या पाठीवर त्यांनी ठळक अक्षरांत लिहिलं : हे दार जोरात आपटा.

मालक वैतागले. "अहो, आपण दार न आपटण्याची वस्तू विकतो!"

"मंग तेच तर दाखवायचं हाय, साहेब."

पाटी वाचून एक गृहस्थ थबकले. मंदाताई म्हणाल्या, "कोनावर रागावलाय? त्याचं नाव घ्या नि आपटा."

"आमच्या सोसायटीच्या चेअरमनवर!" म्हणत त्यांनी दार भिरकावलं. ते अर्ध्यावर दमल्यासारखं झालं आणि आवाज न करता लागलं. गृहस्थ हसले, पुन्हा आपटलं. मग रांगच लागली. कुणी साहेबाचं नाव घेई, कुणी जावयाचं. शेवटी मालकांनीही नाव न घेता आपटून पाहिलं. मंदाताई म्हणाल्या, "नका सांगू, आमाला ठाव हाय."

गर्दी जमली तरी त्या माल विकायची घाई करत नसत. एवढंच विचारत, "तुमच्याकडं दार कोन आपटतं?" आणि गप्प राहत. मग समोरचा सांगत बसे: वारा, पोरं, वरच्या मजल्यावरचे. मला म्हणायच्या, "आपन बोलाया लागलो का मानूस सटकतो. त्याला बोलू द्या, तो जात नाय."

कधी त्या अतीच करत. नुसत्या फिरायला आलेल्या बायकांशी सुनांच्या गप्पा रंगत, तेव्हा मी चिडायचो. "ताई, यांच्याकडून ऑर्डर येणार आहे का?"

"घरी जाऊन सांगतील ना." सांगण्याचा हिशेब कुठल्या खात्यात धरायचा, हे मला अजून कळलेलं नाही.

करंजाड्याचा एक हार्डवेअरवाला मात्र हसला नाही. त्याने पुन्हा पुन्हा दार आपटलं, वाकून स्क्रू पाहिले आणि म्हणाला, "माझ्या दुकानात असंच दार लावून द्याल?" तो आमचा पहिला नवा विक्रेता. त्याच्यामागून आणखी आले. कारखाना तुर्भ्यातच राहिला.

मंदाताई निवृत्त झाल्या, तेव्हा आम्ही त्यांना आमचा सगळ्यात चांगला क्लोजर भेट दिला. परवा जासईला गेलो तर तो त्यांच्या पुढच्या दाराला नीट बसवलेला होता. पण दार सताड उघडं, आणि ते लागू नये म्हणून खाली भलामोठा धोंडा.

"अहो ताई, आपल्या क्लोजरला धोंडा?"

"लागलेलं दार बघून मानूस आत येल कसा?" त्या हसल्या. पायाने धोंडा बाजूला सारून म्हणाल्या, "आपटायचंय? घ्या नाव. कोनावर रागावलात?"

मी खरंच विचार केला. एकही नाव सुचेना.

"मंग बसा, चहा टाकते," म्हणत त्यांनी धोंडा पुन्हा दाराला लावला.