दादाची शेवटची फेरी: बार्शी ते सोलापूर

पेपरातला फोटो बघून दादानं चहाची बशी खाली ठेवली. "शेवंते, शेपटीवरचा नंबर वाच." मी वाचला. "माझंच हाय ते!" निवृत्त झालेल्या या लढाऊ विमानाचा रविवारी सोलापुरात जाहीर सत्कार, आणि सोमवारी क्रेननं ते उंच चौथऱ्यावर चढवणार, असं छापलेलं. दादा हवाई दलात मेकॅनिक होता. याच विमानाच्या झाकणात त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली, आणि इस्पितळातून तो थेट घरी आला. विमानाला शेवटचा हात लावायचा राहिला तो राहिलाच. रविवार चुकला की संपलं. मी म्हटलं, ऊठ, निघायचं!

सत्तरच्या दशकातला तो रस्ता काय सांगू? पहाटेची एसटी, माणशी तीनेक रुपये तिकीट, आणि वैराग येईतो हाडं खिळखिळी. पण वैरागच्या स्टँडवर भजी गरम मिळायची, ती सोडू नये. दादानं एकही उचललं नाही. बरोबरच्या कडक भाकरी आणि शेंगाचटणीलाही तो शिवला नाही. इस्त्रीचा सदरा चुरगळेल म्हणून बाकाला पाठसुद्धा टेकली नाही.

सोलापूर स्टँडवरून टांग्यानं मैदानावर गेलो. विमानाच्या नाकावर हार, पंखावर सोलापुरी चादर, पुढ्यात नारळ. निरोप समारंभातले हेडमास्तरच जणू! पण भोवती दोरी, आणि दोरीपाशी बिल्ला लावलेले एक गृहस्थ.

"पास?"

"मी या विमानाचा मेकॅनिक," दादा म्हणाला.

"असं सगळेच म्हणतात. पासवाले खुर्चीत, बाकीचे दोरीबाहेर. पाहुणे यायचेत."

माझं डोकंच फिरलं. "अहो, त्या खुर्चीतल्या एकाला तरी विचारा, याचं इंजिन कुठून उघडतं!"

"गप गं," दादा म्हणाला, आणि स्वतःच वाकून दोरीखालून आत गेला.

उड्डाणाआधी मेकॅनिक विमानाभोवती फेरी मारून सगळं तपासतो. त्याची सही झाल्याशिवाय पायलट वर चढत नाही. दादानं तीच फेरी सुरू केली. तीन बोटांचा पंजा पत्र्यावरून फिरवत निघाला, चाकापाशी वाकला, पंखाखाली वाकला. दोरीबाहेरच्या नऊवारीतल्या एक बाई ओरडल्या, "अगं बया, परदक्षिणा घालायलेत की! चला गं!" आणि शिरल्या आत. त्यांच्यामागं दहाजणी, मग अख्खं मैदान. कुणी चपला काढल्या, कुणी चाकाला कुंकू लावलं.

"अहो, प्रदक्षिणा नाही! इथं कार्यक्रम आहे!" बिल्लेवाले घामाघूम.

"मग आमी बी कारेक्रमच करायलाव की!" बाई चालता चालता म्हणाल्या.

तेवढ्यात पाहुण्यांची मोटार आली. बिल्लेवाल्यांनी दादाचं मनगट धरलं. "कुणाला विचारून आलात? तुमचा अधिकार काय?"

दादाचा दुसरा हात विमानावरच होता. "ह्याला वर सोडायचं तर सही माझी लागायची, सायेब. फेरी पुरी हू द्या. मग हाकला."

मनगट सुटलं. पाहुणे हार हातात घेऊन ताटकळले, आणि दादानं जराही घाई न करता शेपटीपर्यंत सगळं तपासलं. मला म्हणाला, "डाव्या चाकात हवा कमी हाय. बाकी ठीक." आणि ढसाढसा रडला. मीही रडले, खोटं कशाला बोलू?

परतीच्या गाडीत पठ्ठ्यानं सगळ्या भाकरी एकट्यानं संपवल्या. मला चटणी तेवढी उरली.

आता दादा नाही. पुढं सोलापूरला जाणं झालं की त्या चौथऱ्यापाशी थांबायचे. तिथल्या संगमरवरी फलकावर पाहुण्यांचं नाव, खुर्चीवाल्यांची नावं, रंग देणाऱ्या ठेकेदाराचंसुद्धा नाव! एकदा दादाच्या नावासाठी अर्ज घेऊन गेले, तर 'जागा शिल्लक नाही' म्हणाले. नसू दे! इथं माझ्या ब्लॉगवर जागा मस्त आहे. तर मंडळी, वाचून ठेवा: हे विमान शेवटचं तपासलं ते बार्शीच्या नामदेव मेकॅनिकनं, आणि त्यानं ठीक म्हटल्यावरच ते वर चढलं.