साडेपाचाचे छर्रे, साडेचाराची नळी

माझा नवरा पुण्याचा आणि मी कोल्हापूरची, यापलीकडे आमच्या संसाराचं वर्णन करायची गरज नाही. बँकेच्या बदलीनं आम्हाला जयपुरात आणून टाकलं, मानसरोवर नावाच्या वसाहतीत, तिसऱ्या मजल्यावर. मुलगी शिकायला बाहेर पडली, घरात आम्ही दोघंच उरलो, आणि पन्नाशी उलटल्यावर मी एअर पिस्तूल हातात घेतलं. सोसायटीतल्या बायका योगा करायला लागल्या होत्या. मला डोळे मिटून गप्प बसायला सांगितलं की डोकंच फिरतं.

खरं कारण माझे वडील. आबांनी कोल्हापुरात अख्ख्या गल्लीतल्या पोरांना नेमबाजी शिकवली. माझ्या दोन्ही भावांना शिकवली. मला नाही. का नाही, ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. आता आबांना काचबिंदू झालाय. डॉक्टर म्हणाले, आज आहे तेवढी नजर पुढच्या वर्षी असेलच असं नाही. आणि यंदा आमच्या वयाच्या गटाची पुढची फेरी नेमकी कोल्हापुरात होती. राजस्थानातून निवड झाली की मी आबांच्या गावात, आबांच्या डोळ्यांदेखत उभी राहून मारणार होते. मला तेवढंच हवं होतं. पदक गेलं चुलीत.

निवडीची स्पर्धा जवळ आली तसे नवऱ्याच्या अंगात आलं. "छर्रे मी आणतो," हे म्हणाले. "तू फक्त नेमाकडे लक्ष दे." म्हटलं, बरं झालं, माणूस कामाला लागला. पण ह्या माणसाला कुणाला काही विचारायची सवयच नाही. रस्ता चुकला तरी काच खाली करून विचारणार नाही. जयपूरभर गोल गोल फिरू, पण विचारणार नाही. यांनी आपल्या मनानं हिशोब केला की छर्रा जितका वजनदार तितका सरळ जाणार, आणि ऑनलाइन साडेपाच मिलिमीटरचे छर्रे मागवले. चांगले खोकंभर. माझ्या पिस्तुलाची नळी साडेचाराची.

पहिला छर्रा नळीच्या तोंडाशीच अडून बसला. मी यांच्याकडे बघितलं. हे डब्याकडे बघत राहिले.

"परत पाठवा," मी म्हटलं.

"सगळ्या डब्यांची सील उघडलीत."

"सगळी कशाला उघडली?"

"एकसारखे आहेत का ते बघायला नको?"

मी म्हटलं, फेकून द्या. फेकून द्या हा शब्द आमच्याकडे शिवीच्या खालोखाल धरतात. तिसऱ्या दिवशी हे जोहरी बाजारातून एक पोलादी पट्टी घेऊन आले. सोनार चांदीची तार ओढून बारीक करतात ना, ती ओळीनं लहान लहान होत जाणाऱ्या भोकांची पट्टी. "शिसं मऊ असतं," हे म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही तेज आलं की मला तिथंच कळलं, आपलं काही खरं नाही.

मग आमच्या बाल्कनीत कारखाना सुरू झाला. छर्र्याला अंगाचा साबण लावायचा, मोठ्या भोकात ठेवायचा, माझ्या विणायच्या सुईनं दाबायचा, मग त्याहून लहान भोकात, मग त्याहून लहान. शेवटी जे बाहेर यायचं त्याला छर्रा म्हणायला जीभ रेटत नव्हती. छर्र्याची मधली बारीक कंबर गेली, मागची झालर गेली, जाडसर शेवयांचे तुकडे पडावेत तसे लांबट तुकडे पडायचे. शिशाचे हात घेऊन स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही, असं मी बजावलं होतं, त्यामुळे चहासुद्धा बाल्कनीच्या दारातून द्यावा लागे. समोरच्या फ्लॅटमधल्या भाभीजींनी विचारलं, "भाईसाहब ज्वेलरी का काम शुरू किए क्या?" मी म्हटलं, "हां जी, रिटायरमेंट की तैयारी."

तयार माल घेऊन मी आदर्श नगरातल्या माझ्या रोजच्या रेंजवर गेले. पिस्तूल एरवी फट्ट करून वाजतं. यांचा छर्रा घातला तर फुस्स झालं. गोळी गेली, पण नेमाच्या कार्डाच्या पार तळाला. दुसरीही तळाला. तिसरी तिच्या शेजारी. तिथले प्रशिक्षक म्हणाले, "मैडमजी, हाथ तो ठीक है, ये सब नीचे क्यों जा रही हैं?"

घरी येऊन सांगितलं तर हे खूश! "म्हणजे एकाच ठिकाणी जातायत ना? मग चूक छर्र्याची नाही, पिस्तुलाची आहे. जड छर्रा खाली उतरणारच. नेम वर उचलायचा." नेम जुळवायचा मागचा स्क्रू शेवटापर्यंत फिरवला, तरी गोळ्या खालीच. तेव्हा ह्या गृहस्थानं कानस घेतली आणि नळीच्या टोकावरची, आपण जिच्यावरून नेम धरतो ती माशी घासून बुटकी केली. मी आंघोळीला गेले होते. बाहेर येऊन बघते तर काम झालेलं.

"अहो, घासलेलं परत वाढतं का?"

"वाढवायचंय कशाला? आता बघ तू."

आणि खरं सांगते, दुसऱ्या दिवशी गोळ्या कार्डाच्या मधल्या काळ्या गोलात बसल्या. मलाच नवल वाटलं. हे रेंजवर माझ्यामागं हात बांधून उभे होते, सगळं जग यांनीच बनवल्यासारखे. मी मनातल्या मनात कोल्हापूरचं तिकीट काढलं. आबांना फोन करून सांगितलं, "येणार मी मारायला. बघायला यायचं." आबा म्हणाले, "बघू." त्यांचं बघू म्हणजे हो.

स्पर्धा जयपूरबाहेर, बस्सीच्या पुढं एका खासगी रेंजवर होती. निम्म्यापर्यंत सगळं छान चाललं. आणि मग फुस्स सुद्धा झालं नाही. यांच्या शेवयांतला एक तुकडा नळीतच अडकून बसला.

पंच धावत आले. सळई घालून तुकडा ढकलून बाहेर काढला, तळहातावर घेतला आणि उलटसुलट करून बघितला. "ये क्या है?" मी वळून बघितलं. प्रेक्षकांत बसलेले हे बुटाची नाडी बांधायला लागले होते. यांचे बूट बिननाडीचे आहेत!

पंचांनी सांगितलं, हे छर्रे बंद, नळीला धोका आहे, दुसरे असतील तर खेळा. शेजारच्या जागेवर अकोल्याकडची एक बाई होती, मिस्टर इथल्याच छावणीत सुभेदार. तिनं काही न विचारता आपला डबा माझ्यापुढं सरकवला. "घ्या ना ताई, पायजे तेवढे घ्या."

खरे छर्रे. हलके, कंबरेचे, देखणे. पहिला मारला तो काळ्या गोलाच्या वर, पांढऱ्यात. कारण माशी तर घासलेली! मागचा स्क्रू आता उलट्या बाजूला शेवटापर्यंत नेला, तरी वरच. इतकी वर्षं कुणी शिकवलं नाही म्हणून शिकायचं राहिलं, आणि आता शिकले तर घरच्याच माणसानं कानस फिरवली. रडावं की मागं वळून यांनाच एक ठेवून द्यावी, कळेना.

शेवटी ठरवलं, नेम खालीच धरायचा. काळा गोल समोर दिसत असताना त्याच्याकडं बघायचं नाही, खालच्या कोऱ्या पांढऱ्या कागदावर नेम धरायचा. डोळा सारखा वर पळतो, त्याला दटावून खाली आणायचा. मी दात ओठ खाऊन तसंच मारत गेले. गोळ्या गोलात जाऊ लागल्या, एक तर अगदी मधोमध गेली. पण आधीचं नुकसान भरून आलं नाही. दोन गुणांनी निवड हुकली.

आग्रा रोडवरून परत येताना मी यांच्या सात पिढ्या उद्धरल्या. बस्सीपासून पार जयपूरच्या वेशीवरल्या घाटापर्यंत. हे गाडी चालवत होते. मग म्हणाले, "चुकलं माझं." एरवी हे वाक्य ऐकून मी पेढे वाटले असते. त्या दिवशी नुसती रडले. आता आबांना काय सांगू, येवढंच डोक्यात होतं.

घरी येऊन फोन लावला. म्हटलं, "आबा, नाही झालं." आबा म्हणाले, "रडू नको. कशी मारलीस ते सांग." मी छर्र्यांपासून माशीपर्यंत सगळं सांगितलं.

"नेम कुठं धरलास मग?"

"खालच्या पांढऱ्यावर."

आबा म्हणाले, "जावयाला फोन दे." काय बोलणं झालं ते मला कळलं नाही. हे नुसतं "हो आबा, नाही आबा" करत उभे होते, कान लाल झाले होते. मग फोन परत माझ्याकडं आला. "स्पर्धा राहू दे," आबा म्हणाले. "पिस्तूल घेऊन ये इकडं. मला दिसतंय तोवर ये."

नवी माशी बसवून घेतली आणि आम्ही गेलो. भावानं परसात भिंतीला फळी लावून कार्ड टांगलं. आबांनी आपली खुर्ची माझ्या बाजूला, अगदी हाताच्या अंतरावर ओढून घेतली आणि माझ्याकडं तोंड करून बसले. कार्डाकडं बघेचनात. मला वाटलं, नजरेनं दिशाच कळली नसेल.

म्हटलं, "आबा, कार्ड तिकडं आहे."

"ठाऊक आहे मला," आबा म्हणाले. "मी तुला बघायला बसलोय. मार."