हाली रुपयांची खोली

गफूरचाचांना वर्तमानपत्रातलं युद्ध नको असायचं. दर शुक्रवारी दुपारी नमाज आटोपून ते आमच्या उंबऱ्यावर टेकायचे आणि म्हणायचे, "लढाई ऱ्हाऊ दे, बेटी. खोलीचं वाच." मग मी मुंबईच्या इंग्रजी पत्रातल्या जागांच्या जाहिराती वाचून त्यांना मराठीत सांगायचे. मिशनच्या शाळेत शिकत होते म्हणून हे काम माझ्याकडे आलं. एरवी मी बाहेरच्या माणसांसमोर फारशी बोलत नसे.

चाचा मागावर हिमरूचं कापड विणायचे. ऐकतानाही त्यांची बोटं गुडघ्यावर धागे मोजल्यासारखी हलत असत. खोली हवी होती ती रझियासाठी, त्यांच्या मुलीसाठी. तिला मुंबईला दिली होती. सासरची नऊ माणसं एका खोलीत. ती तान्ह्या बाळाला घेऊन जिन्याखाली झोपायची. जावयानं कळवलं होतं, वेगळी खोली घेऊन द्या, नाहीतर मुलीला घेऊन जा.

"भाव उतरंल का गं?" ते विचारायचे.

"माहीत नाही, चाचा."

माझे वडील आतून थट्टा करायचे, "काय गफूरमियाँ, सगळी मुंबई घेता का?"

"साहेब, खोलीच्या आधी मालकाला पगडी द्यावी लागती म्हनं. डोक्यावरची चालत असंल तर आत्ता काढून देतो!"

दोन वर्षांनी एक जाहिरात आली. भायखळ्याला एक खोली, आगाऊ रक्कम आठशे रुपये. चाचांची बोटं थांबली. "आठशे? व्हय? तेवढे हायत माझ्याकडं!" चपला घालायचं विसरून ते घराकडे निघाले.

ते गेल्यावर वडिलांनी विचारलं, "तू त्यांना कलदार म्हणालीस ना?"

मी नुसतं 'रुपये' म्हणाले होते. आमच्या निजामी मुलखात रुपया म्हणजे हाली. ब्रिटिश हद्दीत कलदार चालायचा, आणि तो महाग. चाचांचे आठशे तिथं शंभरावर कमी भरणार होते.

मी लगेच त्यांच्या दाराशी गेले. अंगणात माणसं जमली होती, चाचा सगळ्यांच्या हातावर गूळ ठेवत होते. इतक्या लोकांसमोर माझ्या तोंडून शब्द फुटेना. उद्या सांगू म्हणून परतले. सकाळी गेले तर चाचा पहाटेच्या गाडीनं निघूनही गेले होते.

हद्दीपलीकडे मनमाडला सराफानं पैसे बदलून हातात ठेवले तेव्हा त्यांना कळलं. तरी ते मुंबईला पोचले, मालकाच्या हातापाया पडले. तोवर मालक हजार मागत होता. चार दिवसांनी चाचा परतले ते रझियाला आणि बाळाला घेऊन.

"चाचा, मी सांगायला हवं होतं," मी म्हणाले.

"तू कागदावरचं वाचलंस. मी माझ्या मुलखातलं ऐकलं." एवढंच बोलून ते बाळाला खेळवत राहिले.

शुक्रवारी ते पुन्हा आले. मागं ओढणी सावरत रझिया उभी होती. मी भायखळ्याची एक खोली वाचली, हळू आवाजात. ती तिला नीट ऐकू आली नसावी.

"अब्बा, क्या बोलरी वो?"

"उतररे बेटा, भाव उतररे," चाचा म्हणाले.

आकडा मागच्यापेक्षा मोठा होता. चाचा माझ्याकडे बघत होते. मी मान खाली घातली आणि पुढची जाहिरात वाचू लागले.