कान कुणी बघितला?

भिवंडीच्या धामणकर नाक्यावर, लूमच्या म्हणजे यंत्रमागांच्या कारखान्याला लागून माझं टायपिंगचं दुकान होतं, तेव्हा एक निवृत्त फौजी अर्ज टाइप करून घ्यायला यायचे. त्यांचं नाव मी कितीदा टाइप केलं असेल, आज आठवत नाही. आठवतो तो कानामागे धरलेला पंजा.

तोफांच्या आवाजाने त्यांचे कान गेले होते. लष्कराचं मेडिकल बोर्ड म्हणालं, हा बहिरेपणा नोकरीमुळे नाही. भिवंडीचा माणूस, लूमच्या खडखडाटामुळे असेल. अपंगत्वाची पेन्शन नाकारली, म्हणून ते कोर्टात गेले.

"आयुष्यात लूमला हात न्हाय लावला!" ते म्हणायचे.

एका दुपारी ते कोर्टाचा निकाल घेऊन आले; दावा फेटाळला होता. मी ओरडून सांगितलं, "काका, डॉक्टरांच्या मतात कोर्ट पडत नाही. पद्धत पाळली का, एवढंच बघतं."

"म्हंजे कागद बघितला. कान कुणी बघितला?"

"बोर्डाच्या डॉक्टरांनी."

"अरे, तक्रार त्यांच्यावरच हाय ना!"

मी गोंधळलो. निकालातलं एकेक वाक्य पटत होतं, पण सगळं मिळून काही कळत नव्हतं. पुन्हा पहिल्यापासून, त्यांना ऐकू जाईल असं मोठ्याने वाचायला घेतलं.

तेवढ्यात लाइट गेली. मागचे लूम एकदम थांबले, आणि इथल्या सवयीने माझा आवाज आपोआप खाली आला. मी वाचतच होतो.

काका त्या शांततेत ओरडले, "थांबलास का? वाच की!"