तारेवरच्या घंट्या

टेंबेकाकांच्या गॅलरीत कपडे वाळत घालायची एक तार होती आणि तिच्या एका टोकाला सायकलच्या घंट्या टांगलेल्या असत. काकू टॉवेल झटकून तारेवर टाकायच्या तेव्हा त्या सगळ्या एकदम किणकिणायच्या. देवासच्या आमच्या कॉलनीत नवीन आलेला माणूस हमखास मान वर करून बघायचा. कुणी विचारलंच तर काका वरून सांगायचे, "हारलेल्या लोकांच्या आहेत भिया. तुमची पण लावू का?"

या घंट्यांमागे काकांचा कायदा होता. दर उन्हाळ्यात ते आम्हा सात-आठ जणांना घेऊन सायकलवर भटकायला निघायचे. कधी जवळच शंकरगढच्या टेकडीपर्यंत, कधी उज्जैन, कधी मुक्काम करून धारपर्यंतची मजल. वाटेत कुणी दमून बसमध्ये, टेंपोत किंवा कुणाच्या स्कूटरवर बसला, की काका स्वतः त्याच्या सायकलची घंटी सोडवणार आणि तारेवर टांगणार. परत मिळणार नाही. नवी घ्यायला बंदी नव्हती, पण नव्या घंटीकडे सगळे ज्या नजरेने बघायचे ती सोसण्यापेक्षा लोक तोंडाने "बाजू, बाजू" ओरडत जायचे. आमच्यातला बँकवाला प्रमोद कित्येक उन्हाळे असाच ओरडत हिंडला. त्याने तक्रार केली की काका म्हणायचे, "नियम तो नियम. गाडीत बसला तो पाहुणा. पाहुण्याला चहा देऊ, घंटी नाही."

माझी घंटी कधी गेली नव्हती. याचा मला फार अभिमान होता आणि माझ्यापेक्षा जास्त काकांना. माझे वडील आणि काका बरोबरच महाराष्ट्रातून देवासच्या कारखान्यात नोकरीला आले होते. वडिलांना सायकलचं काडीचं प्रेम नव्हतं, त्यामुळे मी शाळेत असल्यापासून काकांच्या मागे लागले. पुढे मी स्वतः शाळेत गणित शिकवू लागले, लग्न झालं, मुलगी झाली, तरी मे महिना काकांचाच राहिला. कंपूत नवीन माणूस आला की काका माझ्या हँडलकडे बोट दाखवायचे. "ही आमची सुजू. हिची घंटी ओरिजिनल आहे, बघून घे." मी पदवीधर झाले हे सांगताना वडिलांचा आवाजही इतका फुलला नव्हता.

काका बुटके, पोट सुटलेले, पोटऱ्या मात्र दगडासारख्या. हँडलला कायम एक लाल गमछा गुंडाळलेला. खाण्याच्या बाबतीत त्यांचे सिद्धान्त पक्के होते. "पोहे उभ्याने खायचे, जलेबी बसून," ते बजावायचे. का, तर पोहे खाऊन निघायचं असतं आणि जलेबी खाऊन विचार करायचा असतो. पोह्यांवर जिरावणाचा मसाला कमी पडला तर ते ठेल्यावाल्याशी नातं तोडायचे आणि पुढच्या रविवारी जोडायचे. "कां जा रिये हो भिया इत्ती सुबे?" असं ठेल्यावाल्याने विचारलं की काका गंभीरपणे सांगायचे, "पोहे पचवायला."

शहर दाखवण्याची त्यांची तऱ्हाही खास होती. ते इतिहास विचारून घ्यायचे नाहीत, जागच्या जागी तयार करायचे. धारला लाट मशिदीच्या आवारात तो मोठा लोखंडी खांब तुकडे होऊन पडला आहे. माझ्या मुलीला त्यांनी तो दाखवून सांगितलं, "ही भोजराजाच्या सायकलची दांडी. चढावर तुटली." ती बरीच वर्षं ते खरं मानत होती आणि शाळेत तिने बाईंशी वादही घातला. मी घरी येऊन पोट धरून हसले. काका थापा मारतात हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. पण त्या थापा दगडांच्या आणि खांबांच्या होत्या. माणसांच्या बाबतीत काका सरळ, असं मी धरून चालले होते.

सत्तरीला टेकल्यावर काकांचे गुडघे कुरकुरू लागले. जिना उतरताना ते कठड्याला धरून एक एक पायरी उतरायचे. आता काकांचं हिंडणं टेकडीभोवतीच्या एका चकरेवर आलं, असं आम्ही मनाशी ठरवून टाकलं होतं. आणि त्याच उन्हाळ्यात त्यांनी जाहीर केलं, "या वेळी मांडू. देवास ते मांडू, पूर्ण पायांवर."

त्यासाठी त्यांनी नवी सायकल आणली. जाड दांडीची, मागच्या चाकाचा हब चांगला वाटीएवढा, कॅरिअरला एक काळी बॅग पक्की बांधलेली. जुन्या सायकलवर ते कुणालाही फेरी मारू द्यायचे, हिला मात्र हात लावू देईनात. "बॅगेत गुडघ्याची औषधं आहेत, हलवू नको," म्हणाले. म्हातारपणी माणूस वस्तूंना जपतो, असं म्हणून मी सोडून दिलं. निघायच्या आदल्या दिवशी काकूंनी मला जिन्यात गाठलं. "सुजू, यांच्याकडे लक्ष ठेव गं. तू आहेस म्हणून सोडतेय." मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, "मी आहे ना काकू."

पहाटे अंधारात निघालो. काय सांगू, काका असे सुटले की आम्ही तरणे लोक मागे धापा टाकत राहिलो. इंदूरचा बायपास संपेपर्यंत ते ठिपक्याएवढे दिसत होते. घाटाबिल्लोदला दुपारी दाल-बाफले खायला थांबलो, तर तुपात बुडवलेले बाफले हाणूनही उन्हं कलल्यावर तेच पहिले उठले. प्रमोदने हात जोडले. "काका, घरून काय खाऊन निघता भिया?" काका म्हणाले, "पाय आहेत तोवर पेट्रोल कशाला? हवा पिऊन चालतो मी." त्या दिवशी मी मागच्यापुढच्या सगळ्यांना सांगत होते, बघा, हे माझे गुरू. ऊर भरून आला होता माझा. आता आठवलं की चीड येते.

धारला बाकीचे धर्मशाळेत उतरले. काका आणि मी त्यांच्या धाकट्या बहिणीकडे, माईआत्यांकडे. आत्यांचं सासर जुनं, संस्थानी नोकरीतलं. तिथे अजून जुनं, ठेवणीतलं मराठी ऐकू येतं. काकांनी आल्याआल्या काळी बॅग सोडून आतल्या खोलीत नेली आणि दार लोटलं. सकाळी माईआत्या पन्हं देताना सहज म्हणाल्या, "दादा, रात्री आपण निजलात आणि वीज गेली ती गेलीच. उकाड्यानं जीव नकोसा झाला असेल." काकांचा पेला हातातच राहिला. "कधी आली मग?" त्यांनी विचारलं. "कुठली येते. अजून नाही." काका खिडकीबाहेर बघत बसले. मला वाटलं, उकाड्यामुळे झोप झाली नाही बिचाऱ्यांची.

मांडूच्या अलीकडे रस्ता दरीत उतरतो आणि मग वेशीपर्यंत चढतच जातो. त्या चढाच्या पायथ्याशी काका म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे, मी जरा फोटो काढतो." काकांना फोटोंचा तिटकारा होता. बाकीचे गेले, मी एका वळणापर्यंत गेले आणि काकूंना दिलेला शब्द आठवून मागे फिरले.

खुरासानी चिंचेच्या, म्हणजे गोरखचिंचेच्या, एका अवाढव्य बुंध्याला टेकून काका बसले होते. बॅग उघडी होती. आत औषधं नव्हती. विटेएवढी जड बॅटरी होती, आणि तिची वायर दांडीच्या खालून त्या जाड हबमध्ये गेली होती. कालपासूनचा सगळा रस्ता माझ्या डोळ्यांपुढून उलटा गेला.

"उतरली," काका म्हणाले. "रात्री चार्ज झालीच नाही."

"काका, हे कधीपासून?"

"ते सोड आत्ता. ही बंद पडली की लोखंडाचा ठोकळा आहे. चढावर ही ढकलणं माझ्याकडून होणार नाही."

मी म्हटलं, मग टेंपो थांबवू, तुम्ही बसा. ते माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी त्यांना भर चौकात उघडं पडायला सांगत होते. तारेवरच्या सगळ्या घंट्या त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होत्या. माझा हात धरून म्हणाले, "सुजू, तुझी सायकल हलकी आहे, गिअरची आहे. ती मला दे. मी हळूहळू हातात धरून नेतो आणि वेशीपासून बसतो. तू ही घेऊन ये मागून. मी आधी पोचलो नाही तर ते शोधत येतील आणि बॅग बघतील. कुणाला सांगू नको. एवढं कर."

मी केलं. ज्या माणसाने मला सायकल दिली त्याला मी एका चढापुरती माझी देऊ शकत नव्हते का? काका गेले. मी तो ठोकळा ढकलत निघाले. मे महिन्याचं ऊन, डांबर चपलेला चिकटतंय, घामाने हात हँडलवरून सुटताहेत. अर्ध्या चढावर सायकल माझ्यासकट मागे घसरायला लागली. मागून येणाऱ्या टेंपोवाल्याने न विचारताच गाडी थांबवली. "बेन, चढा दूं?" मी सायकलही चढवली आणि मीही बसले. त्या क्षणी घंटीचा विचारही माझ्या मनात आला नाही.

जहाज महालापाशी सगळे सावलीत बसून पानांत भाजलेले मक्याचे पानिये आणि डाळ खात होते. मी टेंपोतून उतरले आणि एकच हशा झाला. प्रमोद तर उभा राहून टाळ्या वाजवू लागला. काका मधोमध बसलेले. मी काही बोलायच्या आत तेच बोलले.

"हिच्या गिअरमध्ये लफडं झालं. म्हटलं, ही माझी भरवशाची सायकल घे, तुझी बिघडलेली मी चढवतो. चढवली पण. आणि ही बघा, चांगली सायकल घेऊन टेंपोत."

लोकांनी काकांची पाठ थोपटली. मला वाटलं, आता ते डोळा मारतील, निदान विषय बदलतील. काकांनी आपल्या हँडलच्या गमछ्यातून पाना काढला, माझ्या सायकलपाशी गेले आणि माझी घंटी सोडवायला लागले. स्क्रू गंजला होता, वेळ लागला. तेवढ्या वेळात त्यांनी एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. घंटी वर धरून त्यांनी सगळ्यांना दाखवली आणि म्हणाले, "नियम तो नियम."

मी तिथे का बोलले नाही, असं नवरा नंतर विचारत राहिला. बोलले असते तर काका सगळ्यांपुढे संपले असते, आणि ते मला बघवलं नसतं. पण त्यांना माझं संपणं बघवलं, हे मी विसरू शकले नाही. घंटी काय, बाजारात कितीही मिळतात. मला लागलं ते हे की माझ्याच सायकलवरून वर जाऊन त्यांनी मला हरवलं.

त्यानंतर ही गोष्ट त्यांनी प्रत्येक बैठकीत सांगितली, आणि सांगता सांगता ती त्यांना खरीच वाटायला लागली असावी. माझ्या गिअरचं लफडं वाढत वाढत चेन तुटण्यापर्यंत गेलं. मी त्यांच्याबरोबर जाणं सोडलं. रविवारी फोन यायचा, "सुजू, टेकडी?" मी पेपर तपासायचे आहेत म्हणायचे. एकदा ते स्वतः दाराशी आले, हातात पोहे-जलेबीचा पुडा. बराच वेळ बसले. मी वाट बघत होते, एक वाक्य म्हणतील. ते म्हणाले, "जलेबी गरम आहे, खा." मी उभ्यानेच खाल्ली.

पुढच्या वर्षी काका झोपेतच गेले. तेराव्याला सगळे जमले तेव्हा प्रमोदने हीच गोष्ट सांगितली. काकांनी या वयात सुजाताची मोडकी सायकल मांडूचा चढ चढवली, असा माणूस होणे नाही. बायका माझ्याकडे बघून हळहळल्या. मी मान खाली घातली. त्यांना ते रडू वाटलं.

पाहुणे पांगल्यावर काकूंनी मला गॅलरीत बोलावलं. "ज्याची त्याला देऊन टाकायच्या आहेत या. तुझी काढून घे आधी," त्या म्हणाल्या. मग तारेला हात लावून थांबल्या. "तुला तर सगळं ठाऊकच होतं, म्हणून बोलते. ती बॅटरी मीच लावायला लावली होती. त्याशिवाय मांडूला जाऊ देत नाही, म्हटलं. तर हे म्हणाले, सुजूला सगळं सांगून ठेवलंय, ती सांभाळून घेईल. तुझी घंटी आणली तेव्हा मी बोलले हो यांना, परत करा पोरीची. म्हणाले, ठरवूनच केलंय आम्ही, तिला राग नाही, ती समजूतदार आहे."

म्हणजे निघायच्या आधीच माझं नाव वापरून झालं होतं. मी माझी घंटी तारेवरून सोडवली. गॅलरीच्या कोपऱ्यात काकांची ती जाड सायकल उभी होती, काळ्या बॅगेवर धूळ, हँडलला लाल गमछा. गमछ्यात पाना होता. मी काकांची घंटी सोडवायला घेतली. पितळेची, मोठी, कॉलनीत कुणीही डोळे मिटून ओळखली असती.

"हे काय करतेस?" काकूंनी विचारलं.

"नियम तो नियम, काकू."

माझी काढून रिकाम्या झालेल्या जागी मी ती धरली. काकूंच्या चेहऱ्यावरचं काहीतरी हळूहळू बदलत गेलं.

"म्हणजे तुला सांगितलंच नव्हतं यांनी?"

"नाही."

काकूंनी पुढे येऊन तार माझ्यासाठी घट्ट धरली.

"नीट बांध," म्हणाल्या. "सुटायला नको."