दोनदा मेलेले भावोजी

माझे भावोजी मार खाऊन घर चालवतात. यात ताईचा काही हात नाही. ते हिंदी मारधाडीच्या सिनेमांत खलनायकाच्या टोळीत असतात. नायकाने फेकलं की पडायचं आणि पडल्यावर उठायचं नाही, एवढाच व्यवसाय. पण पडतात असे, की बघणाऱ्याचं कंबरडं दुखावं. इतक्या वर्षांत त्यांना एकही वाक्य मिळालेलं नाही. ‘आऽऽ’ हे वाक्य धरलं तर गोष्ट वेगळी.

ज्या सिनेमाने बक्कळ धंदा केला, त्यात ते गच्चीवरून पडून मेले होते. नायकाने वरून वाकून “गया” असं जाहीरही केलं होतं, म्हणजे शंकेला जागा नव्हती. पुढे त्याचा दुसरा भाग निघाला आणि भावोजींना पुन्हा बोलावणं आलं.

भावोजी सरळ माणूस. सेटवर गेल्या गेल्या ते सहायक दिग्दर्शकाला म्हणाले, “साहेब, मी मागच्या भागात मेलोय.”

त्याने कागदातून मान वर केली नाही. “खलनायकही मेलाय. त्याचा जुळा भाऊ आलाय.”

“मग मीही माझा जुळा भाऊ का?”

“तुमच्याकडे कोण बघतंय काका? मिशी लावा.”

मिशी लावली. या खेपेला त्यांना जिन्यावरून लोळवलं.

पहिल्याच दिवशी आम्ही सहकुटुंब बघायला गेलो. खोटं कशाला बोला, सिनेमात गुण होते. जिन्यावरची मारामारी झकास होती: अरुंद जागा, धापा टाकणारी माणसं, लोखंडी कठड्यावर आपटलेली ढोपरं. ती संपल्यावर ताईने माझा दंड सोडला, तेव्हा त्यावर तिच्या नखांचे वण उठले होते. नायिकाही होती बहुधा, गाण्यांत दिसली. उरलेला वेळ नायक चालत होता. पहिल्या भागात तो चालला की पुढे काहीतरी घडायचं. इथे चालणं हेच घडणं, तेही सावकाश आणि ढोलाच्या तालावर. कथा मध्यंतरात चहाला गेली ती परतलीच नाही. जुळ्या भावाने थोरल्याचाच डाव थोरल्याच्याच गोदामात टाकला. गोदामाच्या मालकालाही मधल्या काळात अक्कल आलेली नव्हती.

भावोजी जिन्यावरून गडगडले तेव्हा मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, “अरे, हा तर मागच्या वेळी गच्चीवरून मेला होता ना?”

भावोजींनी माझा गुडघा दाबला. “ओळखलं रे,” ते कुजबुजले. बक्षीस मिळाल्यावरही माणूस इतका खूश होत नाही.

आठवडाभरात त्यांची दोन्ही मरणं शेजारी शेजारी लावून मोबाइलवर फिरू लागली. एका समीक्षकाने सिनेमाच्या दोषांत भावोजींना कथेच्याही वरचं स्थान दिलं. शेजारी विचारू लागले, “काय, आज जिवंत का?” ताई म्हणाली, “एवढी वर्षं नीट काम केलं तर कुत्रं विचारत नव्हतं. आता चूक म्हणून गाजताय.” भावोजी मात्र दाराची बेल वाजली की आधी केस विंचरत.

तिसरा भाग जाहीर झाला. फोन येईना, म्हणून भावोजी स्वतःच गेले. या वेळी त्याच साहेबाने मान वर करून त्यांच्याकडे नीट पाहिलं.

“काका, तुम्हाला घेता येणार नाही. लोक ओळखतात आता तुम्हाला.”

“मग एखादं वाक्य द्या. ओळखीचा माणूस आहे, बोलू दे की.”

“बोलायला तुम्ही नट थोडेच आहात?”

घरी येऊन त्यांनी हे जसंच्या तसं सांगितलं. ताईने इस्त्री बाजूला ठेवली. “म्हणजे नट नाही म्हणून बोलायचं नाही, आणि ओळखतात म्हणून मरायचंही नाही. मग करायचं काय?”

 दोन दिवसांनी भावोजी कोपऱ्यावरच्या व्यायामशाळेत जाऊन बोलून आले. सध्या ते तिथे निवृत्त मंडळींना न लागता कसं पडावं ते शिकवतात. हाडं जपायच्या वयातले लोक; जीव लावून शिकतात, नियमित येतात, त्यांना सर म्हणतात. त्यांच्यातल्या एकानेही तो सिनेमा पाहिलेला नाही, एवढीच भावोजींची तक्रार आहे.